पुण्याच्या हवेत कोणता टर्बो?

माझ्याकडे २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे. दोन लिटरचं ईए-८८८ इंजिन, कंपनीच्या आकड्यांत २३० पीएस (अश्वशक्ती) आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढ), ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स), आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. हिला आयएचआय कंपनीचा आयएस-२० टर्बो येतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर टर्बाइन फिरवून दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबणारी वस्तू. याच इंजिनावर आयएस-३८ लावून फोक्सवॅगनने गोल्फ आर आणि ऑडी एस-३ मध्ये ३०० पीएस काढले. या पिढीच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्या) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे दोन्ही टर्बो एकाच तोंडावर बसतात. जुना उतरवायचा, नवा चढवायचा, मॅप (इंजिनाच्या संगणकातला, म्हणजे ईसीयूतला प्रोग्राम) बदलायचा. म्हणून व्हीआरएसवाले चार जण चहाला जमले की त्यातला एक तरी म्हणतोच, "आयएस-३८ टाक रे, विषय संपव."

मला हा विषय एवढ्या लवकर संपवायचा नव्हता. गाडी रोज ऑफिसला जाते, शनिवारी-रविवारी ताम्हिणी किंवा महाबळेश्वरकडे जाते, आणि हप्ते फिटल्यावर वॉरंटीची काळजीही संपलेली होती. स्टेज वनचा, म्हणजे इंजिनाचे भाग न बदलता ताकद वाढवणारा मॅप आधीपासून होता. त्याच्यावर गाडी अडीच हजार आरपीएमच्या आधीच खाडकन उठायची आणि पाच हजारांच्या पुढे तिचा दम निघायचा. शहरात मजा, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं एकदम फिरायची. पावसाळ्यात तर विचारूच नका. या गाडीला पुढे इलेक्ट्रॉनिक लॉकिंग डिफरेन्शियल (एक चाक फिरू लागलं तर ताकद दुसऱ्याकडे वळवणारं) आहे, तरी ओल्या डांबरावर तेही हात टेकतं. म्हणजे मला ताकद हवी होती, पण ती कुठे हवी हे आधी कळायला हवं होतं.

त्यासाठी पहिलं काम लॉगिंगचं. ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) डोंगल, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला एक मित्र, आणि नोंदवायच्या गोष्टी अशा: आरपीएम, ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरला नॉक (इंधनाचा अवेळी होणारा स्फोट) टाळायला ठिणगीचं टायमिंग किती मागे खेचलं जातंय, लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण), आणि वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून वायू सोडणारी झडप) किती टक्के बंद आहे. यातला वेस्टगेटचा रकाना लोक बघतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका तोच आहे. मागितलेला बूस्ट १.३ बार, मिळालेला १.१, आणि वेस्टगेट पूर्ण बंद, म्हणजे एक्झॉस्टचा सगळा वायू टर्बाइनवरूनच जातोय आणि तरीही कॉम्प्रेसरला जमत नाहीये. असं दिसलं की टर्बो संपला. वेस्टगेट अर्धा उघडा असताना बूस्ट कमी दिसला, तर ती ईसीयूची मर्जी आहे, टर्बोची कुवत नव्हे. माझ्या लॉगमध्ये साडेपाच हजारांच्या पुढे वेस्टगेट चक्क बंद दिसत होता.

दुसरी गंमत मी हौसेने केली. काही आठवडे रोजच्या ड्रायव्हिंगचे लॉग जमवले आणि स्प्रेडशीटमध्ये कोणत्या आरपीएमवर किती वेळ जातो याचा आलेख काढला. ऑफिसच्या दिवसांत जवळजवळ सगळा वेळ १,३०० ते २,२०० मध्ये, कारण डीएसजी संधी मिळेल तेव्हा वरचा गिअर टाकतो. घाटात २,५०० ते ४,८०० मध्ये. सहा हजारांच्या वर गेलेला वेळ सेकंदांत मोजण्याइतका. हा आलेख पाहून एका मित्राने विचारलं, "मग तुला टर्बो कशाला हवाय? बस पकड ना." त्याचा मुद्दा चूक नव्हता. पण त्या आलेखातून माझी गरज नेमकी दिसली. तीन हजारांच्या आधीचा धक्का मला नको होता, आणि साडेतीन ते साडेपाच हजारांमध्ये न थकता टिकणारी ओढ हवी होती.

मग गणित. टर्बो बनवणारी गॅरेट कंपनी आपल्या टर्बोंचे कॉम्प्रेसर मॅप (कोणत्या दाबाला किती हवा मिळते याचे आलेख) खुले ठेवते. आयएचआयच्या या कंपनी-फिटेड टर्बोंचे मॅप तसे हाती लागत नाहीत, म्हणून निदान मागणी किती आहे हे तरी आपण काढावं. ढोबळ हिशोब असा की दर मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण दहा अश्वशक्ती. मला इंजिनाला ३२० हवे होते, म्हणजे मिनिटाला ३२ पौंड, साडेचौदा किलो हवा. सहा हजार आरपीएमवर दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सहा घनमीटरांच्या जरा आत हवा गिळतं. भरण्याची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर ५.६५ घनमीटर. एवढ्या जागेत साडेचौदा किलो कोंबायची, आणि इंटरकूलरनंतर (दाबल्याने तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर) हवा ५० अंशांवर आहे असं धरलं, तर हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये २३८ किलोपास्कल दाब लागतो, वातावरणाचा दाब धरून.

आता इथे पुणं आडवं येतं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर राहतो. मुंबईत हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो, इथे ९५ च्या आसपास. फिल्टर आणि पाइपात दोन गेले की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ९३ उरतात. इंटरकूलरमध्ये होणारी घट भरून काढायला कॉम्प्रेसरने २४६ द्यायला हवेत. २४६ भागिले ९३, प्रेशर रेशो २.६५. तीच गाडी, तोच मॅप, तीच ताकद दादरला घ्यायची तर रेशो २.४८ येतो. म्हणजे मुंबईच्या मित्राची गाडी ज्या टर्बोवर आरामात श्वास घेते, तोच टर्बो इथे जास्त वेगाने फिरवावा लागतो. त्यात एप्रिलची चाळीस अंशांची हवा आली की कॉम्प्रेसर मॅपवर वाचायचा प्रवाह अजून पाचेक टक्क्यांनी पुढे सरकतो, कारण मॅप ठरावीक तापमान आणि दाबासाठी काढलेले असतात. ३२ पौंड हवे असतील तर मॅपवर ३३.७ च्या रेषेवर बोट ठेवायचं.

हाच हिशोब ४०० अश्वशक्तीचा केला तर पुण्यात रेशो ३.३ च्या आसपास जातो. मी कागद बाजूला सारला. पंपावरच्या पेट्रोलवर, पुढच्या दोन चाकांवर, रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत ४०० मागणं माझ्या दृष्टीने हौसेच्याही पलीकडचं होतं.

टर्बोला हात लावायच्या आधी इंटरकूलर बदलला, आणि हा क्रम मी कोणालाही सुचवेन. एप्रिलच्या दुपारी खंबाटकीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढताना कंपनीच्या इंटरकूलरवर हवेचं तापमान सत्तरच्या जवळ जायचं. पुढे ट्रक, मागे ट्रक, पुन्हा पहिल्यापासून ओढ, आणि प्रत्येक वेळी आधीची उष्णता आतच साठलेली. लॉगमध्ये दोन नंबरच्या सिलिंडरला ईसीयू टायमिंग साडेतीन-चार अंश मागे घेत होता. मोठा इंटरकूलर लावल्यावर त्याच चढावर, तशाच उन्हात, आकडा पन्नाशीच्या आसपास थांबला आणि मागे घेणं जवळजवळ थांबलं. टर्बो तोच, मॅप तोच. वरच्या गणितात ७० अंश घातले तर लागणारा दाब २३८ वरून २५३ वर जातो. म्हणजे तापलेल्या हवेची किंमत टर्बोला मोजावी लागते, आणि ती मोजताना हवा अजून तापते.

पेट्रोलचं म्हणाल तर आपल्याकडे तेव्हा साधं ९१ ऑक्टेन (नॉक रोखण्याच्या क्षमतेचा आकडा), ९५ चं प्रीमियम, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर-९९, आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेलं इंडियन ऑइलचं एक्सपी-१००, जे पुण्यातही मिळतं पण दीडशेच्या वरचा भाव बघून हात थरथरतो. मॅप ९५ वर बेतायचा हे मी आधीच ठरवलं. शंभर ऑक्टेनवर बेतलेला मॅप घेऊन रत्नागिरीच्या आतल्या पंपावर उभं राहिलं की माणसाला आपण काय केलंय ते कळतं. शिवाय वीस टक्के इथेनॉल आता सगळीकडे आलंय. इथेनॉल नॉक रोखायला मदत करतं हे खरं, पण हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. तेवढं जास्त इंधन इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंपाला पुरवावं लागतं. आधी काठावर असलेला पंप त्यामुळे काठाच्या बाहेर जाऊ शकतो. म्हणून रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाच्या दाबाचा) रकानाही लॉगमध्ये घातला.

आता उमेदवार. चार होते: आहे तोच आयएस-२० ठेवून डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि नवा मॅप, आयएस-२० च्याच घरात मोठं चाक बसवलेला हायब्रिड, कंपनीचा नवा आयएस-३८, आणि गॅरेटचा जी-२५-५५०.

शेवटच्यापासून सांगतो, कारण तो सगळ्यात लवकर बाद झाला. जी-२५-५५० हा सुंदर टर्बो आहे. दुहेरी बॉल बेअरिंग, ४८ मिलिमीटर इंड्यूसर (कॉम्प्रेसरच्या चाकाचं हवा घेणारं तोंड), गॅरेट त्याला ५५० अश्वशक्तीपर्यंत झेपणारा म्हणते. बेंगळुरूच्या एका ओळखीच्याने तो दोन लिटरच्या इंजिनावर लावलाय. त्याच्या शेजारच्या सीटवर बसून फिरलो. साडेतीन हजारांपर्यंत गाडी सज्जन, आणि त्यानंतर जे होतं त्याचं वर्णन मी बायकोसमोर करत नाही. पण त्याला वेगळा फ्लँज (जोडाची पट्टी), वेगळा डाउनपाइप, तेल-पाण्याच्या नव्या लाइन लागल्या, आणि मूळ इलेक्ट्रिक वेस्टगेट सोडून हवेच्या डब्यावर चालणारा ॲक्च्युएटर घ्यावा लागला. ईसीयूची समजूत घालण्यात त्याचे आणि मॅप बनवणाऱ्या ट्यूनरचे महिने गेले. माझ्या आलेखातला रोजचा पट्टा तर त्या टर्बोच्या झोपेचा पट्टा होता.

हायब्रिडबद्दल मला मनापासून आशा होती. आपल्याकडे टर्बो रिबिल्ड करणारे चांगले कारागीर आहेत, ट्रक आणि डिझेल एसयूव्हीच्या जिवावर हा धंदा वर्षानुवर्षं चाललाय. बाहेरून आयएस-२०, आतून मोठं मिल केलेलं चाक, खर्च निम्मा. एका दुकानात तयार हायब्रिड पाहायला मिळाला. चाकाची मशिनिंग देखणी होती. मी फिल्टरकडच्या तोंडातून दोन बोटं घालून शाफ्टचं नट धरलं. वर-खाली किंचित हलणं जर्नल बेअरिंगमध्ये चालतं, तेलाचा थर आला की शाफ्ट मध्ये तरंगतो. पण आत-बाहेर ओढल्यावर हाताला जाणवेल इतका खेळ चालत नाही. इथे तो जाणवत होता, बारीक टक असा. मी विचारलं, "दादा, बॅलन्सिंगचा कागद?" तर उत्तर आलं, "साहेब, हाताने करतो आम्ही, इतक्या वर्षांत तक्रार नाही." लाखाच्या वर आरपीएमने फिरणारी ही वस्तू. असेंब्ली पूर्ण झाल्यावर मशीनवर वेगाने फिरवून कंपनाचा आलेख काढतात, तो नसेल तर मी पुढे बोलतच नाही. दुसऱ्या एका ठिकाणी कागद होता, पण तो नुसत्या कोअरचा (शाफ्ट-बेअरिंगच्या गाभ्याचा), चाक बदलण्याआधीचा. नमस्कार करून निघालो. उत्तम हायब्रिड असतात, परदेशात बनवणारे नावाजलेले लोक आहेत, पण त्यांचा भाव कस्टम्ससह कंपनीच्या नव्या आयएस-३८ च्या पुढे जात होता.

आयएस-३८ मध्येही गोम आहे. सुरुवातीच्या काळातल्या आयएस-३८ चे शाफ्ट आणि बेअरिंग गेल्याच्या कहाण्या जगभर आहेत, विशेषतः वाढवलेल्या बूस्टवर. नंतर कंपनीने सुधारित आवृत्त्या काढल्या. पार्ट नंबरच्या शेवटचं अक्षर बदलत गेलं. त्यामुळे कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात "एकदम ओरिजिनल, गोल्फ आरचा काढलेला" असा मिळाला तरी आधी शेवटचं अक्षर वाचायचं. मला दाखवलेला एक तर निव्वळ नक्कल निघाला. आयएचआयचा शिक्का होता, पण ओतीव अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल झालेल्या, टर्बाइन हाउसिंगच्या आत ओतकामाचा शिवण-रेघेचा उंचवटा तसाच, आणि वेस्टगेटची झडप बसते तिथे प्रकाश आरपार. ज्याला झडपच नीट बंद करता येत नाही त्याच्याकडून बूस्टची काय अपेक्षा ठेवायची?

मुंबईच्या एका व्हीआरएसवर खरा, नव्या आवृत्तीचा आयएस-३८ होता. त्या मित्राने मन मोठं करून गाडी दिली, एवढंच नव्हे तर लॉगही दिले. त्या लॉगची आणि माझ्या आयएस-२० च्या लॉगची तुलना करताना समुद्रसपाटी आणि पुणं हा फरक मनात ठेवावा लागला. त्याला पूर्ण बूस्ट तीन हजारांच्या जरा पुढे मिळत होता, मला अडीच हजारांच्या आत. मधला पाच-सहाशे आरपीएमचा फरक कागदावर मोठा वाटतो. गाडीत बसल्यावर मला तो आवडला. सी लिंकच्या अलीकडच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तर ओढ वाढत वाढत आली, चाकं फिरली नाहीत. माझ्या गाडीत त्याच जागी स्टिअरिंग हातात ओढलं गेलं असतं. पुढच्या चाकांच्या गाडीला उशिरा येणारा टॉर्क फायद्याचा ठरू शकतो, हे मला तिथे पटलं. लॅग (बूस्ट यायला लागणारा उशीर) कमी तितकं चांगलं, हा नियम माझ्या रस्त्यावर आणि माझ्या टायरवर लागू होत नव्हता.

डायनोबद्दल, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राबद्दल, थोडं तिरकस बोलतो. एकाच गाडीला दोन ठिकाणी रोलरवर घातलं आणि आकड्यांत तीसेक अश्वशक्तीचा फरक आला. एका ठिकाणी छापील कागदावर करेक्शन फॅक्टर तळाशी बारीक अक्षरांत होता. वातावरणाच्या दाबासाठी दुरुस्ती करणारी सूत्रं टर्बोच्या गाड्यांवर फसवी ठरतात, कारण पुण्याची विरळ हवा टर्बो स्वतःच जास्त फिरून बऱ्याच अंशी भरून काढतो. त्यावर पुन्हा सूत्राने वाढवलं की मालक खूश, दुकान खूश. दुसरीकडे पंखा इतका छोटा होता की तिसऱ्या रनला इंटरकूलर तापून बसला. मी शेवटी एकच जागा, एकच रोलर, तोच टायर प्रेशर आणि दोन रनमध्ये पुरेसा थांबा असं धरलं आणि फक्त आलेखाचा आकार पाहिला. सर्वोच्च आकड्याकडे बघायचंच सोडलं. फुल थ्रॉटलच्या सगळ्या चाचण्या रोलरवरच केल्या. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत म्हणून नव्हे, तिथे दुसऱ्यांची पोरंबाळं असतात म्हणून.

एवढं झाल्यावर निवड अवघड राहिली नाही. नवा, सुधारित आवृत्तीचा, खोकाबंद आयएस-३८ आणि त्याच्यावर मुद्दाम मवाळ मॅप. ट्यूनरला हे पटवायला टर्बो निवडण्यापेक्षा जास्त बोलावं लागलं. त्याचं म्हणणं, "सर, ४५० न्यूटन-मीटर सहज देतो, लोक घेतात." माझं म्हणणं, डीक्यू-२५० गिअरबॉक्सला, म्हणजे माझ्या डीएसजीला, या गाडीत कंपनी स्वतः ३५० देते. क्लच पॅकवरचा दाब वाढवून थोडं पुढे जाता येतं, पण मला ४०० च्या वर नको, आणि तेही तीन हजारांच्या आधी नको. टॉर्कची रेषा चढासारखी हवी, भिंतीसारखी नको. उंच गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबला तर बूस्ट बांधलेलाच राहायला हवा. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत तिथेच वेळेआधी पेट घेण्याचा धोका असतो आणि पिस्टन तिथेच फुटतात. त्याने मान हलवली, आणि मग एकदा पटल्यावर फार मन लावून काम केलं.

बसवण्याचं काम सोपं, पण जागा वाईट. हा टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला असतो. वरून हात जात नाही, खालून डाउनपाइप उतरवून जावं लागतं. आमच्या मामांनी, सगळं गॅरेज त्यांना मामाच म्हणतं, आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. तरी एक स्टड नटासकट बाहेर आला. मामा शांतपणे म्हणाले, "आला तर आला, मोडला असता तर रडलो असतो." तेल आणि पाण्याच्या लाइनचे सगळे वॉशर नवे, गॅस्केट नवी. जोडण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात पिचकारीने तेल घातलं आणि हाताने शाफ्ट फिरवला, तो सुरुवातीला कोरडा सरकला आणि मग जड, मऊ झाला. प्लग एक रेंज थंड, गॅप ०.६ मिलिमीटर. पहिल्यांदा इंजिन इंधन तोडून नुसतं फिरवलं, तेलाचा दाब येईपर्यंत.

सगळ्यात वेळखाऊ भाग वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरचा. इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे दांडीची लांबी आणि बंद स्थितीतलं व्होल्टेज जुळवून ईसीयूला नव्याने शिकवावं लागतं. दांडी अर्धा आटा जास्त फिरली तर झडप बंदच होत नाही किंवा मोटर कायम ताणात राहते. लॅपटॉपवर आकडा बघायचा, खाली मामांना ओरडून सांगायचं, ते पाना जरासा फिरवणार, पुन्हा आकडा. दुपारचं जेवण त्यात गेलं.

डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवला, हाय-फ्लो प्रकारातला. सरळ पाइप लावणारे पुष्कळ आहेत. मला तो वास आणि पीयूसीच्या वेळची लाचारी दोन्ही नको. कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या फेरफारांबाबत कडक आहे, आणि इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्याच गळ्यात येतो. मी लेखी कळवलं, प्रीमियम वाढला, कटकट झाली, पण कागद फाइलला आहे.

पहिले लॉग फक्त ०.८ बारवर घेतले, मग हळूहळू वर. शेवटी बसलेला मॅप वरच्या टोकाला १.४ बारच्या आसपास राहतो. गणितात २३८ वजा ९५, म्हणजे १४३ किलोपास्कल, १.४३ बार आला होता. कागद आणि गाडी इतकी जुळल्यावर ट्यूनरपेक्षा मलाच जास्त आनंद झाला. वेस्टगेट सहा हजारांवरही थोडा उघडा असतो, म्हणजे टर्बोकडे शिल्लक आहे. खंबाटकीला तापमान पूर्वीपेक्षा दोन-तीन अंश कमीच, कारण मोठा कॉम्प्रेसर तेवढाच दाब कमी धापा टाकत देतो. तोटा विचाराल तर सिग्नलला दोन हजारांच्या खाली गाडी आता स्टेज वनपेक्षा सुस्त आहे. बाणेरच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या आठवड्यात मलाही चुकल्यासारखं वाटलं. डीएसजीला स्पोर्ट मोडवर टाकलं की तो एक गिअर खाली राहतो आणि तक्रार मिटते, पण पेट्रोल दिसतं.

इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी मॅपला नंतर एकदा हात लावावा लागला. लॅम्बडाची दुरुस्ती सतत एका बाजूला झुकलेली दिसत होती, रेल प्रेशर मात्र टिकून होतं. तेल आता दर सात हजार किलोमीटरला बदलतो, कंपनी सांगते त्याच्या अर्ध्यावर. घाट उतरून हॉटेलपाशी थांबलो तर शेवटचे दोन किलोमीटर हळू चालवतो, म्हणजे टर्बो निवतो. जुना आयएस-२० मामांनी डिझेलने धुऊन, दोन्ही तोंडांना कापड बांधून दिला. नाशिकच्या एकाला हवा होता. येऊन त्याने आधी शाफ्ट आत-बाहेर ओढून पाहिला, मगच भाव विचारला.